जुनी स्पोर्ट्स कार: राखायची कशी, चालवायची कशी

दोन गाड्या समोर आहेत. एकीच्या मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर पडलेत, पण गेली बारा वर्षं ती आच्छादनाखाली उभी आहे. दुसरी दीड लाख किलोमीटर पळालेली, आजही दर आठवड्याला रस्त्यावर असते आणि सोबत बिलांची जाडजूड फाइल आहे. बहुतेकांचा हात पहिलीकडे जातो. मी दुसरी घेईन. जुनी गाडी पळून जेवढी झिजते त्याहून जास्त उभी राहून खराब होते. रबर कडक होतं, सील आक्रसतात, ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषत राहतं, टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो आणि ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन आपल्या जागी गंजून बसतो. म्हणून या छंदात मीटरपेक्षा कॅलेंडरकडे लक्ष ठेवायचं, आणि गाडी नियमित चालवणं हाही देखभालीचाच भाग समजायचा.

इथे मी साधारण १९६० ते १९९०च्या दशकांतल्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत: एमजीबीसारखी कार्ब्युरेटरवाली, पोर्शे ९४४सारखी इंजेक्शनवाली, किंवा १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५. तपशील गाडीगणिक बदलतील. कामांचा क्रम मात्र सहसा हाच राहतो.

आधी वही आणि मॅन्युअल

तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. गाडीसोबत येणारी छोटी पुस्तिका पुरत नाही. कोणता बोल्ट किती घट्ट करायचा, कुठे किती ऑईल लागतं, वायरिंगचा नकाशा, हे सगळं त्यात असायला हवं. मग एक वही करा. तारीख, मीटरचा आकडा, केलेलं काम, टाकलेल्या पार्टचा नंबर आणि शेवटी एक रकाना 'नजर ठेवायची' म्हणून. पहिल्या सहा महिन्यांत हाच रकाना सर्वांत जास्त कामाला येतो.

हत्यारांत तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका: टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि दणकट जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. स्टँड लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा आणि मगच खाली सरका. स्टँड कुठे लावायचे हेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जुन्या गाडीत मात्र ती जागा पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर आत गंज आहे आणि गाडीचा भार तिथे द्यायचा नाही.

पहिलं काम ब्रेकचं

गाडी घरी आली की एक चक्कर मारून यायचा मोह अनावर होतो. तो आवरा. आधीच्या मालकाने ब्रेक ऑईल कधी बदललं याची नोंद नसेल, तर ते बदललेलं नाही असंच धरा.

ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑईल ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओल शोषल्यानंतर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सलग ब्रेक लावताना कॅलिपर सहज तेवढे तापू शकतात. ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑईल बदलायचं, गाडी तेवढ्यात पाचशे किलोमीटरच फिरली असली तरी. डब्यावरच्या नावांत एक फसवी जोडी आहे, ती लक्षात ठेवा. डॉट ५.१ ग्लायकॉलचंच असतं, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ही दोन एकमेकांत मिसळायची नाहीत.

ऑईल बदलल्यावर पाइपांतली हवा काढताना मदतनीस पेडल पार तळापर्यंत दाबतो, आणि तिथेच जुना मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑईलला देणारा) बिघडतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या भागात पोचतच नाही, त्यामुळे तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळाला नेलं की नाजूक रबरी सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे पाय तेवढ्यावरच थांबेल.

आता कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑईल नेणाऱ्या रबरी होजविषयी. हा दोष मी स्वतः अनुभवला आहे आणि तो ओळखायला मला दोन आठवडे लागले. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला की धग लागायची, बाकीची तीन चाकं कोमट. मी कॅलिपर उघडला, स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावलं, पिस्टन सुटा फिरत होता. तरी चाक तापायचंच. होज बाहेरून निर्दोष दिसत होता, एक चीर नाही. आतून मात्र तो फुगला होता. पायाच्या जोराने ऑईल आत जायचं, पण परत यायला वाट उरली नव्हती, त्यामुळे पेडल सोडल्यावरही ब्रेक धरूनच राहायचा.

हे तपासायची रीत सोपी आहे. चाक अडकलेलं असतानाच कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, थोडा सैल करा. चाक सुटलं नाही तर दोष कॅलिपरमध्ये किंवा स्लाइड पिनांमध्ये आहे. सुटलं तर ऑईलचा दाब अडकून पडला होता. निपल बंद करा, ब्रेक दाबून चाक पुन्हा अडकू द्या, आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाकडचा नट सैल करा. तरीही चाक अडकलेलंच राहिलं तर होज गेला. सुटलं तर मास्टर सिलिंडरकडे वळा. काम झाल्यावर हवा काढायला विसरू नका. होज कधीही जोडीनेच बदला. एक गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे.

टायर

टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी तो काढून टाका. मी सहा वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने बघतो आणि दहा वर्षांपलीकडे टायर ठेवत नाही. हवा थंड टायरमध्ये मोजा. आकडा दारावरच्या पट्टीवरचा घ्या, टायरवर छापलेला नको; तो कमाल दाबाचा असतो. अ‍ॅलॉय चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

पाणी आणि बेल्ट

जुन्या गाडीचं इंजिन कायमचं बसतं ते बहुतेक वेळा तापल्यामुळे. कूलंट किती वर्षांचं आहे माहीत नसेल तर सगळं काढा आणि मॅन्युअल सांगतं त्याच जातीचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा. रंगावर विसंबू नका. हिरवं म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक असा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा नियम नाही, आणि दोन जाती एकत्र आल्या तर गाळ होऊ शकतो. होज पाइप थंड असताना दाबून बघा. चिवट आणि लवचीक असेल तर ठीक. कुरकुरला, टोकाला फुगला किंवा क्लॅम्पपाशी मऊ लागला तर बदला. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असेल आणि काळ्याचा तपकिरी रंग झाला असेल तर तिचे दिवस भरत आलेत. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत असूनही लोक भाजून घेतात, म्हणून पुन्हा लिहितो.

इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट काढलाच आहे तर त्याची परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी घेऊन तो दोरीला बांधून मधोमध सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी तापमापक धरा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आसपास पितळी झडप हळूहळू उचलायला लागते आणि पाणी उकळू लागेपर्यंत चांगली आठ-दहा मिलिमीटर उघडते. उशिरा उघडणारा, अर्धाच उघडणारा किंवा थंड झाल्यावर नीट न मिटणारा थर्मोस्टॅट परत बसवू नका. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असाच बनवलेला असतो. तो हलला तोवर बराच उशीर झालेला असतो, त्यामुळे ही पातेल्यातली परीक्षा त्या काट्यापेक्षा भरवशाची.

टायमिंग बेल्टवाली (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा रबरी पट्टा) गाडी असेल तर शेवटचा बेल्ट कोणत्या साली टाकला ते शोधा. एमएक्स-५च्या पहिल्या पिढीच्या १.६ लिटर इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते एवढंच, कारण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत. पोर्शे ९४४मध्ये ते भिडतात, आणि मग हेड उघडावं लागतं. तुमचं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे ते आजच बघून ठेवा. मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असले तरी रबराला वय असतंच. पाच ते सात वर्षांत बेल्ट बदलावा. त्याच वेळी टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढचे ऑईल सील बदलून घ्या. तेवढ्यासाठी सगळा पुढचा भाग पुन्हा खोलायची वेळ येऊ नये.

इंजिन ऑईल वर्षातून एकदा बदलायचंच. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर उभी करण्याआधी बदला, कारण वापरलेल्या ऑईलमधली आम्लं आणि ओल तेवढा काळ बेअरिंगांवर बसून राहते. गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये मात्र स्वतःची अक्कल चालवू नका. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च भरा. काही जीएल-५ ऑईलमधली गंधकयुक्त रसायनं गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

पेट्रोल आणि वायरिंग

पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करायची नाही. आधी वास कुठून येतो ते शोधायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला पोखरतं, म्हणून इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे टाका. एसएई जे३० आर९ असा शिक्का पाइपावर शोधा. इंजेक्शनच्या गाडीत दाब जास्त असतो, तिथे क्लॅम्पही इंजेक्शनसाठीचेच लागतात. हाताला येईल अशा जागी अग्निशामक नळकांडं पक्कं बसवा.

वायरिंगच्या तक्रारींत आधी अर्थिंग बघा. दिवे मंद, काटे नाचतात, स्टार्टर सुस्त, एवढं सगळं एकदम बिघडलेलं दिसलं की बहुधा एकाच जोडावर गंज चढलेला असतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. भरलेली बॅटरी विसाव्यात १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून, काही वेळ थांबून, गाडी किती विद्युतप्रवाह खाते ते मोजा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधायचा.

टप, नाल्या आणि गंज

कापडी टपाच्या गाडीत टपाच्या मागच्या कडेला पावसाचं पाणी गोळा होतं आणि दोन बारीक नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली जातं. या नळ्या पानं, धूळ आणि कापडाच्या तंतूंनी तुंबतात. मग पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात किंवा सीटमागच्या गालिच्यात मुरतं. एमएक्स-५च्या पहिल्या पिढीच्या गाड्या मागच्या चाकापुढे गंजतात ते मुख्यतः यामुळेच.

मऊ प्लॅस्टिकची जाडसर तार घ्या, धातूची नको, आणि हळूहळू फिरवत आत सारा. अडथळा लागला की ढकलू नका, मागेपुढे करा. मग वरून पेलाभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. आधी थेंब थेंब, मग एकदम कॉफीच्या रंगाचा लोट, त्यात काळा झालेला पानांचा चोथा, आणि शेवटी स्वच्छ धार. दोन्ही बाजूंनी सारखीच धार येईपर्यंत पाणी ओतत राहायचं. वीस मिनिटांच्या या कामाने पत्र्याचं वेल्डिंग आणि रंगकाम टळतं. वर्षातून दोनदा करा.

ताकद वाढवायच्या आधी

नवा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणारी स्प्रिंग, मोठी चाकं हे सगळं खुणावत असतं. माझं ठाम मत आहे की कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशी आधी तिला करा. सस्पेन्शनचे जुने रबरी बुश आणि दमलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं की गाडी ओळखू येत नाही. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आल्यावर आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिली एमएक्स-५ सुमारे ११५ अश्वशक्तीची होती. तरी ती लोकांना लळा लावून गेली ती हलक्या वजनामुळे आणि हाताला कळणाऱ्या स्टिअरिंगमुळे.

आता चालवायला घ्या

शेडमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करणं ही गाडीची सेवा नव्हे. इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते, न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. दोन आठवड्यांतून एकदा तरी अर्धा-पाऊण तास नीट रस्त्यावर न्या.

पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही. ऑईल मागून, सावकाश तापतं. पहिली पंधरा मिनिटं मी तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही आणि पिकअपसाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरत नाही. गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर अडखळतो. तिथे जोर लावू नका. क्लच दाबा, न्यूट्रलला या, क्लच सोडा, खालच्या गिअरला उतरताना अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका द्या, पुन्हा क्लच दाबा आणि गिअर टाका. गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा बसतो. झिजलेल्या सिंक्रोची गाडी या सवयीवर वर्षानुवर्षं चालते.

एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत ब्रेकवर एकदम उभं राहायचं नाही. पाय आधी हलका टेकवा, वजन पुढे येऊ द्या, मग दाब वाढवा. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पाय किंचित सैल केला की चाकं फिरू लागतात आणि गाडी पुन्हा ऐकते. रिकामं, बंदिस्त आवार मिळालं तर तिथे ताशी चाळीसवरून हे वीस-तीस वेळा करा. चाक जाम व्हायच्या आधी पेडलमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये जो फरक जाणवतो, तो पायाला पाठ व्हायला हवा.

वळणाचं तंत्र याहून महत्त्वाचं आहे. जुन्या पोर्शे ९११मध्ये इंजिन मागे, टोयोटा एमआर२मध्ये मधोमध. अशा गाडीत वेगाने वळताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं, मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडीची शेपूट बाहेर येते. पुढे इंजिन आणि मागे ताकद असलेली हलकी गाडीही ओल्या रस्त्यावर असंच करते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा, गिअरही तिथेच बदला, आणि वळणात पाय हलका पण स्थिर ठेवा. स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा अ‍ॅक्सिलरेटर वाढवा. ब्रेक आणि गिअर एकाच वेळी सांभाळायला उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि पायाची बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरवर, ही सवय लागते. ती आधी उभ्या गाडीत करून बघा.

वेगाची हौस बंदिस्त ट्रॅकवर भागवा. तिथे जाण्याआधी ताजं ब्रेक ऑईल, आणि उतरण्याआधी एक फेरी ब्रेक न लावता सावकाश. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, गिअरमध्ये ठेवून चाकांना अडण लावा. रस्त्यावर मात्र ध्यानात असू द्या की तुमची गाडी बुटकी आहे, मोठ्या गाडीच्या आरशात ती दिसत नाही, आणि तिच्यात बहुधा आजच्या गाडीइतक्या एअरबॅगही नाहीत. अंतर राखूनच चालवा.

परत आल्यावर

गाडी जागेवर लावली की लगेच निघून जाऊ नका. चारही चाकांजवळ हात न टेकवता न्या आणि धग सारखी आहे का बघा. बॉनेट उघडून एकदा वास घ्या. गोडसर वास कूलंटचा, उग्र जळका वास एक्झॉस्टवर टपकणाऱ्या ऑईलचा. मग इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा. सकाळी त्यावर काळपट तपकिरी डाग दिसला तर इंजिन ऑईल, घट्ट आणि गंधकाचा दर्प असलेला डाग गिअरबॉक्स किंवा डिफरेन्शियलचा, हिरवा-गुलाबी चिकट डाग कूलंटचा. फिकट, तेलकट थेंब चाकाच्या आतल्या बाजूला किंवा क्लचच्या खालच्या सिलिंडरपाशी असेल तर ते ब्रेक किंवा क्लचचं ऑईल आहे आणि कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. डागाभोवती पेनाने कड आखा, शेजारी तारीख लिहा आणि वहीतल्या 'नजर ठेवायची' रकान्यात त्याची नोंद करा. पुढच्या फेरीनंतर तोच पुठ्ठा त्याच जागी ठेवायचा.